समोरच्या दाताची शेड अचूक कशी घ्यावी

वरच्या समोरच्या दाताचा कोपरा कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं फिलिंग मटेरियल) भरायचा असो की त्यावर सिरॅमिकची कॅप बसवायची असो, शेड म्हणजे दाताशी जुळणारा रंग चुकतो तो बहुतेकदा घाईमुळे. पेशंट खुर्चीत बसला की आधी शेड घ्या. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) आणि दाताची कापणी नंतर. दात काही मिनिटं कोरडा राहिला की इनॅमलमधलं (दाताच्या बाहेरच्या थरातलं) पाणी उडतं, त्या जागी हवा शिरते, प्रकाश जास्त विखुरतो आणि दात पांढरट दिसतो. अशा दाताशी जुळवलेलं फिलिंग त्या दिवशी छान दिसतं. पुढे लाळेने भिजून दात मूळ रंगावर येतो आणि फिलिंग ठिगळासारखं पांढरं उठून दिसतं. ब्लीचिंग केलं असेल तर किमान दोन आठवडे थांबा.

दातावरचे चहा-तंबाखूचे डाग पॉलिश करून काढा. लिपस्टिक पुसायला सांगा, भडक कपड्यांवर करडा एप्रन टाका. खुर्चीचा पिवळट दिवा बंद करा. खिडकीतला दिवसाचा उजेड चांगला, पण थेट ऊन नको. नाहीतर ५५०० ते ६५०० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर असलेला दिवा वापरा. एका उजेडात जुळलेली शेड दुसऱ्या उजेडात फसू शकते, म्हणून दोन उजेडांत पाहूनच नक्की करा.

आता मुख्य काम. छटेचा गट ए की बी, हा प्रश्न आधी नसतोच. आधी उजळपणा ठरवा, कारण तोच चुकला तर समोरच्याला लांबूनही कळतं. रंगछटेतली थोडी चूक खपून जाते. व्हिटा क्लासिकल या शेड गाइडच्या १६ टॅब (रंगाचे दातासारखे नमुने) उजळ ते गडद अशा क्रमाने लावा: बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३, डी३, बी३, ए३.५, बी४, सी३, ए४, सी४. डोळे किलकिले करून टॅब दाताशेजारी धरा आणि कोणती जास्त उजळ हे पाहा. टॅब ओली हवी, दाताच्याच पातळीत हवी आणि तिची धार दाताच्या धारेच्या दिशेला हवी. पाच-सात सेकंदांहून जास्त टक लावू नका. डोळे थकले की पिवळेपणातला फरक कळेनासा होतो. मध्ये करड्या कागदाकडे बघा. पहिल्या नजरेत जे वाटलं, त्यावर विश्वास ठेवा.

छटेसाठी सुळा पाहा. त्याचा रंग गडद असतो, त्यामुळे छटा लालसर-तपकिरी (ए), लालसर-पिवळी (बी), करडी (सी) की लालसर-करडी (डी) हे तिथे लवकर उमगतं. मग समोरच्या दाताच्या मधल्या एक-तृतीयांश भागाशी टॅब जुळवा. हिरडीजवळ दात जास्त पिवळा आणि धारेला पारदर्शक असतो, हे वेगळं टिपून ठेवा.

कॉम्पोझिटसाठी टॅबवर थांबू नका. कंपनीची टॅब बऱ्याचदा प्लास्टिकची असते, खऱ्या मटेरियलची नव्हे. एचिंग-बाँडिंगशिवाय (म्हणजे दाताला पक्कं न चिकटवता) निवडलेल्या शेडचा छोटा ठिपका दातावर लावा, साधारण फिलिंगच्याच जाडीचा, आणि लाइट-क्युअर करा, म्हणजे क्युअरिंग लाइटने कडक करा. क्युअर झाल्यावर रंग बदलतो, म्हणून कच्च्या ठिपक्यावरून ठरवू नका. पाहून झालं की प्रोबने उडवून टाका. कोपरा आरपार तुटला असेल तर मागे अपारदर्शक डेंटिन (इनॅमलच्या आतला थर) शेडचा थर द्याच. नुसती इनॅमल शेड भरली तर तोंडातला काळोख आरपार दिसून फिलिंग राखाडी पडतं.

कॅपसाठी लॅबला नुसतं ‘ए२’ लिहून पाठवणं अपुरं आहे. निवडलेली टॅब आणि तिच्याहून एक उजळ, एक गडद अशा टॅब दाताच्या धारेला धार लावून, नंबर दिसेल असे फोटो काढा. लिथियम डायसिलिकेटसारखं पारदर्शक सिरॅमिक असेल तर कापणीनंतर खुंटाचीही (कापून उरलेल्या दाताचीही) शेड पाठवा. काळपट खुंट पातळ कॅपमधून डोकावतो. बसवण्याआधी सिमेंटच्या रंगाची ट्राय-इन पेस्ट (तात्पुरती चाचणीची पेस्ट) लावून, पेशंटच्या हातात आरसा देऊन त्याची संमती घ्या.