माँट्रियल: बोलणं सोपं, पाट्या अवघड

फक्त इंग्रजी येणाऱ्या पाहुण्याचं कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बोलण्यावाचून सहसा अडत नाही. हॉटेलात, दुकानात, टॅक्सीत समोरचा माणूस बहुतेक वेळा लगेच इंग्रजीवर येतो. अडतं ते वाचताना. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे त्याची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. १९७७ च्या भाषा कायद्यापासून रस्त्यावरच्या सूचना फ्रेंचमध्ये असतात आणि दुकानांच्या पाट्यांवरही फ्रेंचच ठळक लागते. म्हणून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने व्याकरणाच्या मागे लागू नये. वीसेक शब्द नजरेने ओळखता आले की पुष्कळ झालं.

दुकानात "बोंझूर-हाय" ऐकू आलं तर "हाय" म्हणा, पुढचं इंग्रजीत होतं. नुसतं "बोंझूर" (फ्रेंचमधला नमस्कार) आलं तर आधी उलट "बोंझूर" म्हणा आणि मग "आंग्ले, सील वू प्ले?" म्हणजे "इंग्रजीत, प्लीज?" असं विचारा. थेट इंग्रजीत सुरुवात केल्यानेही काम होतं, पण आपुलकी कमी मिळते. मराठी पाट्यांचा आग्रह जवळून पाहिलेल्यांना यामागची भावना वेगळी समजवायला नको. कॉफीच्या काउंटरवर पटकन येणारा प्रश्न "पूर ईसी ऊ पूर आंपोर्ते?" असतो, म्हणजे इथेच खाणार की बांधून देऊ. बिल मागताना "ला फाक्त्यूर, सील वू प्ले" म्हणावं.

किमतीत दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम असतो आणि डॉलरचं चिन्ह आकड्यानंतर येतं. छापील किमतीवर ५ टक्के केंद्राचा आणि ९.९७५ टक्के प्रांताचा कर चढतो. हॉटेलात टिप साधारण १५ ते २० टक्के देतात, तीही कराआधीच्या रकमेवर. दोन्ही करांची बेरीज जवळजवळ १५ टक्के होते, म्हणून बिलातल्या कराइतकी रक्कम टिप ठेवली की हिशेब जमतो.

शाकाहारी माणसाने मेन्यू नीट वाचावा. "सां व्हियांद" म्हणजे मांसाशिवाय, पण त्यात मासे येऊ शकतात. म्हणून "नी व्हियांद, नी प्वासों" असं सांगावं. पुतीन म्हणजे फ्रेंच फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही घातलेला पदार्थ; त्यावरची तपकिरी ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रश्श्याची असते, तेव्हा "सोस व्हेजे" म्हणजे शाकाहारी ग्रेव्ही आहे का ते विचारा. वाटाण्याच्या सूपमध्ये हॅम आणि घेवड्याच्या गोडसर उसळीत डुकराची चरबी पारंपरिकच आहे. "आंत्रे" म्हणजे जेवणाआधीचा छोटा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे. आणि इथे "दीने" दुपारचं जेवण असतं, रात्रीचं "सुपे"; आमंत्रणाची वेळ विचारून घ्यावी. डाळ-तांदूळ, मसाले हवे असतील तर पार्क-एक्स्टेन्शन वस्तीत भारतीय उपखंडातली दुकानं भरपूर आहेत.

गाडी घेतली असेल तर खरी परीक्षा पार्किंगची. एका खांबावर तीन-चार पाट्या असतात आणि त्या सगळ्या एकाच वेळी लागू असतात, म्हणून वरून खालपर्यंत प्रत्येक वाचा आणि बाणाची दिशाही पाहा. वेळा २४ तासांच्या घड्याळाच्या असतात. एम-ए-आर म्हणजे मंगळवार, मार्च नव्हे. मार्चला शेवटी एस असतो. दोन वारांच्या मध्ये ई-टी असेल तर फक्त तेच दोन वार. नुसतं ए असेल तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे सगळे. इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि कॅमेऱ्याने भाषांतर करणारी अॅपही या संक्षेपांवर अडखळतात. हिवाळ्यात बर्फ उचलण्यासाठी नारिंगी तात्पुरत्या पाट्या लागतात. त्या वेळेत गाडी तिथे राहिली तर उचलली जाते. शिवाय माँट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायला मनाई आहे. क्वेबेकच्या इतर भागात, पाटी आडवी येत नसेल तर, थांबून वळता येतं, त्यामुळे बाहेरून आलेले चालक चुकतात.

पत्ता सांगताना "एस्त" की "वेस्त" हे सोडू नका. सें-लोराँ बुलेव्हार शहराचे पूर्व-पश्चिम भाग पाडतो आणि घरांचे आकडे दोन्हीकडे तिथूनच सुरू होतात. शेरब्रूक रस्त्यावर तोच क्रमांक दोन्ही बाजूंना सापडतो, कधी काही किलोमीटर अंतरावर. लोक ज्याला उत्तर म्हणतात ती होकायंत्राची उत्तर नाही, बरीचशी वायव्य आहे. फोनवरच्या बाणाने गोंधळून जाऊ नये.

मेट्रोत दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावाने लिहितात. हिरव्या मार्गावर आंग्रिन्यों आणि ओनोरे-बोग्राँ, नारिंगीवर कोत-व्हेर्त्यू आणि मोंमोरान्सी. "सोर्ती" म्हणजे बाहेर जायचा रस्ता. लाउडस्पीकरवर "रालांतिसमां" ऐकू आलं तर गाड्या सावकाश येतायत, थांबा. "एंतेर्युप्सियों" असेल तर सेवा बंद आहे, वर जाऊन बस पकडा. बसमध्ये रोख देणार असाल तर नेमकी रक्कम नाण्यांतच लागते, नोटा चालत नाहीत.

खोलीतल्या नळावर सी लिहिलेलं असेल तर तो बहुधा गरम पाण्याचा, एफ थंड पाण्याचा. लिफ्टमध्ये आर-सी म्हणजे तळमजला. तातडीच्या मदतीला ९११ आणि नर्सचा सल्ला हवा असेल तर ८११, दोन्हीकडे इंग्रजीत बोलता येतं.