हॉर्नच्या आवाजावरून गाडीचा वेग कसा काढावा

लांबून हॉर्न वाजवत येणारी, स्टेशनात न थांबणारी आणि पुढे गेल्यावरही काही सेकंद हॉर्न चालू ठेवणारी एक्स्प्रेस गाठा. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागेच उभे राहा. रुळांजवळ जाणे जीवघेणे आहे, आणि त्याने मोजमाप फारसे सुधारतही नाही. फोन स्थिर धरून आवाज रेकॉर्ड करा, हवेचे तापमान टिपा, घरी येऊन फाइल ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) उघडा.

खरे काम आता सुरू होते. येणाऱ्या गाडीचा हॉर्न खऱ्यापेक्षा वरच्या स्वरात ऐकू येतो, दूर जाणाऱ्या गाडीचा खालच्या; वेग निघतो तो या फरकावरून. 'गाडी जवळ येते तसतसा स्वर चढत जातो' असे जागोजागी लिहिलेले सापडते. हे साफ चूक आहे. सरळ रुळांवरून एकाच वेगाने येणाऱ्या गाडीचा स्वर लांब असेपर्यंत जवळजवळ स्थिर असतो. वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. स्वर घसरतो तो इंजिन समोरून जाताना. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, बदलते ती वेगाचा जितका भाग थेट तुमच्या दिशेने असेल तितकीच. तुम्ही रुळांपासून 10 मीटरवर असाल, तर इंजिन 100 मीटरवर असताना हा भाग 99.5 टक्के असतो, 20 मीटरवर 89 टक्के आणि अगदी समोर शून्य. म्हणून ऐन घसरणीतले आकडे कधीही घेऊ नका. इंजिन समोरून जाण्याच्या चार सेकंद आधीचा आणि चार सेकंद नंतरचा, प्रत्येकी अर्ध्या सेकंदाचा तुकडा निवडा.

प्रत्येक तुकड्यावर 'प्लॉट स्पेक्ट्रम' चालवा, साइझ 16384 ठेवा. कोणती वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख मिळतो; जोरातल्या वारंवारता त्यात शिखरे म्हणून दिसतात. 4096 ठेवल्यास सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आलेखाच्या दोन बिंदूंतले अंतर जवळपास 11 हर्ट्झ होते. हॉर्नच्या मूळ स्वरातला एकूण फरकच 50 हर्ट्झच्या आसपास असताना हे परवडत नाही. 16384 ला ते 2.7 हर्ट्झवर येते.

तरीही सर्वांत कमी वारंवारतेचे शिखर घेऊ नका. हॉर्नच्या आवाजात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही असतात आणि त्या सगळ्या एकाच प्रमाणात सरकतात. चौपटीच्या शिखरावर फरकही चौपट मिळतो, वाचनातली चूक मात्र तेवढीच राहते. फक्त आधीचे आणि नंतरचे शिखर एकाच पटीचे हवे. बऱ्याच इंजिनांचे हॉर्न दोन स्वरांचे असतात, त्यामुळे जोड्या लावताना घोळ होतोच. दोन वेगळ्या जोड्या घेऊन प्रत्येकीत आधीच्या आणि नंतरच्या शिखराचे गुणोत्तर काढा. ते जुळले नाही तर एक जोडी चुकली आहे.

समजा, शिखरे 1594 आणि 1381 हर्ट्झवर मिळाली. फरक 213, बेरीज 2975. फरकाला बेरजेने भागा आणि ध्वनीच्या वेगाने गुणा. तो वेग म्हणजे 331.3 अधिक 0.606 गुणिले तापमान; 30 अंशांना सेकंदाला 349.5 मीटर. उत्तर सेकंदाला 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर. हॉर्नची खरी वारंवारता शोधत बसू नका, या सूत्रात ती लागतच नाही. गायनाच्या भाषेत एवढ्या वेगाला येताना सा ऐकू येणारा स्वर गाडी गेल्यावर खालच्या कोमल नी आणि शुद्ध ध यांच्या मधोमध उतरतो.

तापमान अंदाजाने धरून 10 अंशांची चूक केलीत, तर याच गाडीच्या वेगात ताशी दीड किलोमीटरची चूक येते.