टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह: इलॅस्टिकची युक्ती

खोलीतलं कपाट किंवा पलंग कोपरा समोर ठेवून (म्हणजे टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्हमध्ये) काढताना व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मागे जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ते दोन बिंदू, कागदाबाहेर जातात आणि दर रेघेला लांब पट्टी सरकवत बसावं लागतं. त्यावर हा उपाय:

१. ए३ शीट मोठ्या ड्रॉइंग बोर्डवर टेपने चिकटवा. (चारही कोपरे! नागपूरच्या मे महिन्यात पंखा पाचावरच असतो.)
२. नजरेच्या उंचीची आडवी रेघ बोर्डाच्या दोन्ही कडांपर्यंत वाढवून टोकांना टाचण्या लावा; हेच दोन व्हॅनिशिंग पॉइंट. एका टाचणीपासून दुसरीपर्यंत शिवणकामाचं बारीक इलॅस्टिक बांधा. सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतं.
३. कपाटाची सगळ्यात जवळची उभी कड काढा. इलॅस्टिक बोटाने तिच्या वरच्या टोकापर्यंत ओढलं की दोन्ही बाजूंच्या रेघा आपोआप दिसतात. खुणा करा, सोडा, पट्टीने जोडा. खालच्या टोकालाही तेच.

टाचण्या शीटच्या आत घेऊ नका, कपाटाला चोच फुटल्यासारखी दिसते.