इंजिन गेलं की होणाऱ्या चुका टाळा

लहान विमानाचं इंजिन बंद पडलं म्हणून विमान लगेच कोसळत नाही. सेस्ना १५२ या छोट्या विमानाला ६० नॉट्सच्या वेगावर धरून ठेवलं, तर वारा नसताना हजार फुटांवरून ते जवळजवळ दीड नॉटिकल मैल तरंगत जातं. घात होतो तो पहिल्या काही सेकंदांत हातांनी केलेल्या घाईमुळे.

मला सर्वात जास्त चीड येते ती कार्ब हीटबद्दलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडून बर्फ वितळवणाऱ्या नॉबबद्दलच्या बेफिकिरीची. "सर, आपल्याकडे कसला आलाय बर्फ?" हे शिकाऊ वैमानिकांच्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी मला विचारतंच. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमानात २० अंशांहून जास्त घट होऊ शकते. बारामतीची जुलैतली २५ अंशांची दमट हवा तिथे बर्फ धरून इंजिनची हवा अडवायला पुरेशी आहे. थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा) कमी असेल तर धोका आणखी वाढतो.

अशाच एका पावसाळी दिवशी एक चांगला विद्यार्थी ढगांखालून सरळ चालला होता. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरत होता. त्याने थ्रॉटल थोडा पुढे केला. पुन्हा उतरला, पुन्हा पुढे केला. मी कार्ब हीट ओढायला सांगितलं. ओढल्याबरोबर आरपीएम आणखी पडला, इंजिन खोकायला लागलं आणि त्याचा हात नॉब परत आत ढकलायला धावला. मी तो हात धरून ठेवला. वितळलेल्या बर्फाचं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की इंजिन खडखडणारच. थोड्या वेळात ते साफ झालं आणि आरपीएम वर आला. खाली उतरल्यावर कळलं, रनअपच्या, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासण्याच्या वेळी तो नॉब ओढून लगेच आत करायचा. आरपीएमच्या काट्याकडे बघतच नव्हता! चेकलिस्ट भराभर म्हणून टाकण्याचा हा परिणाम.

म्हणून कार्ब हीट ओढायची ती पूर्ण, अर्धवट नाही, आणि इंजिन सुरळीत होईपर्यंत हात लावायचा नाही. ही गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर मिळते. इंजिन पूर्ण थांबल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

दुसरी चूक जीवघेणी आहे: टेकऑफनंतर इंजिन गेलं की धावपट्टीकडे वळणं. त्या क्षणी नाक वर असतं आणि वेग झपाट्याने उतरतो. आधी नाक खाली करायला हवं, पण घाबरलेला माणूस मागे बघत वळतो. १८० अंश वळून भागत नाही, कारण तेव्हा तुम्ही धावपट्टीच्या बाजूला असता. रेषेत यायला आणखी वळावं लागतं. विमान ४५ अंश कलवून (बँक करून) उंची धरायचा प्रयत्न केला तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, आणि तिथे सावरायला उंची नसते. २०१५च्या मार्चमध्ये अभिनेता हॅरिसन फोर्ड सांता मोनिकाहून निघाला आणि त्याच्या जुन्या रायन विमानाचं इंजिन गेलं. परत येतो असं त्याने टॉवरला कळवलं होतं. पण धावपट्टी गाठता येणार नाही हे दिसताच त्याने तो विचार सोडला आणि विमान गोल्फ कोर्सवर उतरवलं. तो जखमी झाला, पण वाचला.

माझी सवय अशी: प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणायचं, "इंजिन गेलं तर नाक खाली, समोरच, फार तर ३० अंश इकडेतिकडे." एकटा असलो तरी म्हणतो. मनात म्हटलेलं ऐन वेळी आठवत नाही.

बाकीच्या थोडक्यात. पायपर चेरोकी या छोट्या विमानात इंधनाची टाकी डावी किंवा उजवी, दोन्ही एकदम नाही. एक भरलेली असताना दुसरी कोरडी पडून इंजिन जातं, म्हणून आधी टाकी बदला. शेत नक्की गाठणार याची खात्री होईपर्यंत फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण टाकू नका. हिरवा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण उंच पिकात विमान उलटू शकतं. कापणी झालेलं रान निवडा आणि सऱ्यांच्या दिशेने उतरा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधा. टेकण्याआधी दारं उघडी करून ठेवा, नाहीतर चौकट वाकली की ती अडकतात.

आणि सराव करताना थ्रॉटल बंद ठेवून दोन-तीन हजार फूट एका दमात खाली येऊ नका. इंजिन थंड पडतं, बर्फ धरतं आणि सरावाचं लँडिंग खरं होऊन बसतं. थ्रॉटल बंद करण्याआधी कार्ब हीट ओढा आणि दर ५०० फुटांना इंजिनला थोडी पॉवर देऊन बघा.