बाळाला डासांपासून जपताना या चुका टाळा

पावसाळ्यात बाळासाठी डासांवरचा उपाय शोधताना सर्वांत मोठी चूक होते, ती पाकिटावरचा ‘हर्बल’ हा शब्द वाचून निर्धास्त होण्याची. कापराचेच पाहा. पाळण्याच्या दोरीला कापराची पुरचुंडी बांधणे किंवा खोबरेल तेलात कापूर विरघळवून ते बाळाच्या अंगाला चोळणे, हे पुष्कळ घरांत मायेपोटीच केले जाते. परंतु कापूर त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात शिरतो, आणि रांगत्या मुलाने ती पांढरी वडी खडीसाखर समजून गिळली, तर थोड्याच वेळात त्याला झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेल पोटात गेले, तरी हाच धोका असतो.

क्रीम घेताना त्यातील घटक आणि वय दोन्ही वाचावे. डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले क्रीम 2 महिन्यांपेक्षा लहान बाळाला लावू नये, आणि लिंबू-निलगिरीचा अर्क असलेले 3 वर्षांपर्यंत टाळावे. डीटचे प्रमाण जास्त म्हणजे संरक्षण अधिक भक्कम, हा गैरसमज आहे. प्रमाणाने फक्त वेळ वाढतो, 10 टक्क्यांचा परिणाम साधारण 2 तास टिकतो. मुलांसाठी 30 टक्क्यांच्या वर जाऊ नये. क्रीम आधी आपल्या तळहातावर घेऊन मग बाळाला लावावे, मात्र त्याच्या हातांना लावू नये, कारण मुठी सारख्या तोंडात जातात.

दारे-खिडक्या लावून कॉइल जाळणे तर पूर्णच सोडून द्यावे. मशीनच्या रिफिलमध्ये बहुधा रॉकेलसारखा द्रावक असतो. मुलाने तो प्यायल्यास उलटी करवू नये, कारण तो फुप्फुसात उतरतो. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. पाकिटावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नसलेली डासांची अगरबत्ती घरात आणूच नये.

तान्ह्या बाळासाठी मच्छरदाणीइतके निर्धोक दुसरे काही नाही, आणि तरीही ती लावून बाळाला डास चावतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी बाळ झोपल्यावर जवळून पाहावे: कोपर जाळीला टेकलेले असते आणि डास बाहेर बसून जाळीतूनच चावतो. जाळी अंगापासून दूर, ताणलेली आणि गादीखाली खोचलेली असावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही ती लावावी.