लहान पिस्तूल, मोठं पिस्तूल आणि माझं गेलेलं वर्ष

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आता शूटिंगला यायला लागलीत, बघून लई बरं वाटतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलं तेव्हापासून घरचे पण लगेच नको म्हणत नाहीत, कोल्हापूर म्हणजे आपलंच की. पण नवीन आलेला प्रत्येकजण पहिलं हेच विचारतोय, अ‍ॅक्युरेट कुठलं, लहान की मोठं?

मी पण हेच घेऊन बसलेलो. क्लबचं लांब .२२ आणि ओळखीच्या काकांचं लायसनचं लहान ३२ बोअर, दोन्ही एकाच दिवशी २५ मीटरवर उभं राहून पाच-पाच राउंड मारले. .२२ चा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, तळहाताएवढा, ३२ चा ताटभर. शिकवणारे म्हणाले, लहान बॅरल म्हणजे असंच असतंय, आणि मी ते धरून बसलो, मग स्कोअर पडला की दोष पिस्तुलाचा, वर्षभर नुसतं आणखी लांब पिस्तूल कुठं मिळतंय हेच बघत फिरलो.

मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेल्या एका सुभेदार काकांनी तेच ३२ वाळूच्या पिशवीवर टेकवून माझ्याकडनं दहा राउंड मारून घेतले. ग्रुप मुठीएवढा आला. पिस्तूल तेच, गोळ्या त्याच.

हे नीट वाचा. बॅरल आखूड म्हणून गोळी भरकटत नाही, बॅरल आणि स्लाइड (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) दर वेळी त्याच जागी घट्ट बसतात का त्याच्यावर बरंचसं आहे. आखूड होतंय ते नेम धरायची मागची खाच आणि बॅरलच्या टोकावरची माशी (नेमाचा खुंट) यातलं अंतर. ते २२० मिलिमीटर असेल आणि माशी १ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटीमीटर बाजूला, म्हणजे दहाऐवजी सहा मार्कांच्या गोलात. अंतर १४० असेल तर तीच चूक जवळजवळ १८ सेंटीमीटर होते, तीन-चारवर जाणार. चूक तुमचीच, लहान पिस्तूल ती मोठी करून दाखवतंय एवढंच. वर ट्रिगर जड आणि पिस्तूल हलकं, ओढतानाच तोंड फिरतंय. मॅचच्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला कमीत कमी १००० ग्रॅमचा जोर लागतो आणि वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणून ते हातात शांत बसतं.

म्हणून तुलना करायचीच तर टेकवून करा, दहा-दहा राउंड, आलटून पालटून, प्रत्येक पिस्तुलाच्या सगळ्या गोळ्या त्याच्या एकाच डब्यातल्या. तीन गोळ्यांवरनं मत देणाऱ्या सरांचं ऐकू नका, कितीही मेडल असूदेत. स्वतः टार्गेटपर्यंत चालत जाऊन भोकं मोजतो तोच खरा गुरू, हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

आणि घाबरू नका, हात हलतो सगळ्यांचाच. दुसऱ्याला सांगून मॅगझिनमध्ये मधेच एक डमी राउंड (न उडणारी खोटी गोळी) घालून घ्या, तो कुठं आलाय हे तुम्हाला कळता कामा नये. डमीवर पिस्तुलाचं तोंड खाली गेलं की समजा, दोष लहान बॅरलचा नाही, तुम्ही आवाजाला दचकताय. माझं सहा महिने जात होतं.