दहा माणसं, तीन पिढ्या आणि मालवण: निघण्याआधीची तयारी

मागच्या सुट्टीत आम्ही सगळे एका वॉटर पार्कला गेलो होतो. मुलं घसरगुंड्यांवर आणि आम्ही मुलांच्या मागे. आई आणि आबा, म्हणजे माझे सासू-सासरे, चार तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून आमच्या चपला, मोबाइल आणि टॉवेल राखत होते. परतताना आबांना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "एकही चप्पल हरवली नाही."

म्हणून या वर्षी जानेवारीत मालवण. आबा ८१, आई ७६, आम्ही दोघं, दीर-जाऊ, मुलांची आत्या, आणि सोळा, अकरा व पाच वर्षांची तीन मुलं. ही यादी त्या सहलीची. काही गोष्टी तिथे गेल्यावरच कळल्या, त्याही आता जागच्या जागी घातल्या आहेत.

सगळ्यात आधी एक चाळणी. कुठलंही ठिकाण यादीत घेताना तीन प्रश्न विचारायचे: सावलीत बसायला जागा आहे का, जवळ धड संडास आहे का, आणि ज्याला ते करायचं नाही त्याला बसल्या बसल्या बघण्यासारखं काही आहे का. तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं की कुणीतरी पुन्हा चपला राखणार, हे समजून चाला. या चाळणीतून आमची निम्मी यादी गळून पडली आणि बरंच झालं.

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर घ्या. मे महिन्यात आंबे-फणस मिळतात, पण घामाने म्हातारी माणसं हैराण होतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. नाताळात दर चढलेले आणि रस्ते भरलेले. आम्ही २६ जानेवारीला जोडून रजा काढल्या. कालनिर्णयात सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि एकादशीही बघून ठेवा. आमच्याकडे आई-आबा सोमवारी-गुरुवारी मासे खात नाहीत, आणि पाचपैकी दोन दिवस नेमके तेच वार निघाले. मुक्कामाच्या काकींना आधी सांगितलं होतं म्हणून काजूची उसळ आणि वालाचं बिरडं तयार होतं. नाहीतर मालवणात बसून डाळ-भात खायची वेळ आली असती. आणखी एक: आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा याच मोसमात येते आणि तिची तारीख दरवर्षी कौल लावून ठरते. तुम्हाला जत्रेलाच जायचं असेल तर प्रश्न नाही, पण गुडघेदुखीवाल्यांना घेऊन नकळत त्या गर्दीत सापडू नका.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी कुणीतरी एकजण मोकळा हवा. उत्साहाच्या भरात आजी-आजोबांना बाकीच्यांबरोबर एका तिकिटावर बसवू नका. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळण्याचा कोटा असतो, पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून. पण तो एकट्या ज्येष्ठाच्या किंवा दोघाच ज्येष्ठांच्या तिकिटाला लागू होतो, त्यात नातवंडं घातली की गेला. म्हणून आई-आबांचं तिकीट वेगळं काढलं. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून नाही, ती धरून हिशेब करू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. आमच्या धाकटीला पाच पूर्ण होऊन अठरा दिवस झाले होते, तेवढं ते हुकलं.

आम्ही मुद्दाम दिवसाची मांडवी एक्सप्रेस घेतली. रात्रीच्या गाडीने वेळ वाचतो हे खरं, पण दिवसा कोकण रेल्वे हाच एक कार्यक्रम असतो. मुलांना वही द्या आणि बोगदे मोजायला लावा. पूर्ण मार्गावर नव्वदच्या वर आहेत, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. आबांना १९९८ च्या आधीचा, म्हणजे ही रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधीचा, एसटीचा प्रवास आठवत होता, उलट्या आणि लिंबांसकट. तो त्यांनी पूर्ण वर्णन करून सांगितला आणि वही बाजूला पडली.

मुक्कामाच्या घराला फोन करताना 'सगळ्या सोयी आहेत का' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. नेमकं विचारा: तळमजल्यावर किती खोल्या, कमोड कुठल्या खोलीत, न्हाणीघराला उंबरा किती उंच, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, गाडी दारापर्यंत येते की नारळाच्या बागेतून चालत यावं लागतं. पायऱ्यांचा आणि कमोडचा फोटो मागवा. आम्हाला संकोच वाटला होता, काकींनी मात्र दोन मिनिटांत व्हॉट्सअॅपवर पाठवले. 'आमची आये पण ऐंशीची असा,' म्हणाल्या.

कुडाळ स्टेशनवर उतरल्यावर मालवण तीसेक किलोमीटर. इथे माझा ठाम आग्रह: एक मोठा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ नका, दोन लहान गाड्या घ्या. थोडे पैसे जास्त जातात. पण एका गाडीत दहा माणसं असली की जो सगळ्यात लवकर दमतो त्याच्या वेळेवर सगळ्यांना परतावं लागतं, आणि मग तो बिचारा दमलो म्हणून सांगतच नाही. दोन गाड्या असल्या की आबा बारा वाजता निवांतपणे 'मी निघतो' म्हणू शकतात.

आता कार्यक्रम. दिवसाला एकच मोठी गोष्ट, आणि दुपारी एक ते चार काहीही नाही. ही रिकामी दुपार यादीत लिहूनच टाका, नाहीतर दीर तिथे काहीतरी घुसवतो. पत्त्यांचे दोन कॅट पिशवीत ठेवा. पाच-तीन-दोन आईंनी शिकवलं आणि सोळा वर्षांच्या नातवाला सलग तीन दिवस हरवलं.

समुद्राचं सगळं भरती-ओहोटीवर ठरवा. आबांना जुना हिशेब माहीत होता: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज रात्री आबा पंचांगावरून वेळ काढायचे, थोरला नातू मोबाइलवर पडताळायचा, आणि दोघांत किती मिनिटांचा फरक पडला यावर वाद. हा खेळ मी ठरवला नव्हता, पण तुम्ही ठरवून पंचांग बरोबर न्या. त्याचा उपयोगही आहे. कोरड्या वाळूत काठी रुतते आणि वयस्कर माणसाला शंभर पावलंही जड जातात. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू मात्र घट्ट असते. आईंना आम्ही सकाळच्या ओहोटीला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नेलं आणि त्या अर्धा तास कुणाचा हात न धरता चालल्या. काठीचं रबरी बूच झिजलेलं असेल तर निघण्याआधी बदला. चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर झिजलेल्या बुचाचा भरवसा नाही.

त्याच किनाऱ्यावर पहाटे रापण ओढतात का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांब जाळं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. विचारून दोराला हात लावता येतो. ज्यांना ओढायचं नाही त्यांनी घडीच्या खुर्चीवर बसावं. घडीच्या खुर्च्या दोन, हे यादीत ठळक लिहा. जाळं वर आल्यावर माशांची नावं सांगायला मात्र खुर्चीवालेच लागतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं आधी नीट बोलून घ्या, कारण घरात रुसवा इथेच होतो. मालवणच्या धक्क्यावरून होडी, डुलत्या होडीत चढ-उतार, मग आत उन्हातलं चालणं, आणि परतीची वेळ नावाड्याने ठरवलेली. आबांना जायचं होतं. आम्ही धक्क्यावर जाऊन आधी नुसती होडी दाखवली, ते पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि स्वतःच म्हणाले, तुम्ही जा. निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या, पण त्यांच्यासाठी दुसरी चांगली जागा तयार ठेवा. ती म्हणजे दांडी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं भूमिपूजन केलं ते इथे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत आणि समोर पाण्यात पूर्ण किल्ला दिसतो. आत्या त्यांच्याबरोबर थांबली. आत जाणाऱ्या मुलांना कामं वाटून दिली होती: अकरा वर्षांच्या पुतणीने दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तिन्ही विहिरी बघून आजीला सांगायचं, थोरल्याने शिवराजेश्वराच्या देवळाचं आणि चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हाता-पायाच्या ठशांचं वर्णन करायचं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे, हे आबांनी त्यालाच उलट सांगितलं.

पाण्याखाली बुडी मारायची असेल तर वय, दमा, रक्तदाब विचारतात. खरं सांगा.

पिंगुळी कुडाळच्या अगदी जवळ, म्हणून ती येताना किंवा जाताना जोडा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. फोन करून, किती माणसं आणि किती वाजता ते सांगूनच जा. नुसत्या भिंतीवरच्या बाहुल्या बघणं वेगळं आणि हलत्या बघणं वेगळं. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांची चितारआळी आहे, आणि राजवाड्यात हाताने रंगवलेली गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानं असतात. धाकटीसाठी आधीच बजेट ठरवा: दोन खेळणी, तिसरं नाही. (तिसरं आबांनी घेतलं.) धामापूरचा तलाव १५३० चा, काठाला भगवतीचं देऊळ, भरपूर सावली, ज्या दिवशी सगळेच दमलेले असतील त्या दिवसासाठी राखून ठेवा.

एक अर्धा दिवस घरातल्या सगळ्यात वडील बाईच्या नावावर लिहा. आईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, ते घर आता आपलं राहिलेलं नाही. तरी त्यांची शाळा, विहीर आणि ज्या वळणावर एसटी थांबायची ते वळण बघायला गेलो. जाण्याआधी मुलांकडून पाच-पाच प्रश्न लिहून घेतले होते. 'तुला कशाची भीती वाटायची?' हा पाच वर्षांच्या मुलीचा प्रश्न सगळ्यांत चांगला निघाला. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला कुणाला तरी नेमा, कारण फोटो सगळेच काढतात.

औषधं दिवसांच्या हिशेबाने नाही, चार दिवस जास्तीची, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे हे दोन्ही चालकांना माहीत असेलच, तरी विचारा. पैशांचं बोलणं घरीच उरका. आम्ही तिन्ही घरांनी सारखी काँट्री काढली आणि आत्याकडे दिली. आबांनी पाकीट काढायचं नाही असं ठरलं, ते खेळण्यांपाशी मोडलं. थोडी रोकड हवीच, किनाऱ्यावर रेंज जाते.

राहता राहिला दशावतार. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. कुठल्या गावात कधी, हे मुक्कामाच्या माणसांनाच विचारा. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. पूर्ण बघायचा हट्ट नको, दीड तास पुरे. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना सक्तीने झोपवा. स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये चहा, आई-आबांसाठी त्याच दोन खुर्च्या, आणि एक गाडी परतीला तोंड करून लावलेली. काळ्या कपड्यांतला संकासूर राक्षस येतो तेव्हा लहान मूल आजीच्या मांडीत असू द्या. चटई मात्र घरच्यांना पुरेल त्याहून मोठी घ्या. मध्यरात्रीनंतर शेजारच्यांची मुलंही तुमच्याच चटईवर येऊन झोपतात, आणि त्यांना उठवता येत नाही.